आधी कापलेलं कापड

आमची मावशी कपडे शिवते. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल या धास्तीने ती कापड हातात पडताच कापून टाकायची आणि सगळ्यांना एकच वायदा करायची, "शुक्रवारी देते." कापलेलं कापड परत कोण नेणार? शुक्रवारी मात्र जिन्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबवून ती श्वास रोखून बसायची. मी चिडून म्हणायचो, "मावशी, तू गिऱ्हाइकं नाही, भांडणं गोळा करतेस."

शेवटी गेल्या आठवड्यात मी तिची कात्रीच कपाटात ठेवून कुलूप लावलं. एक नवीन बाई कापड घेऊन आल्या. मावशीचा हात सवयीने टेबलावर कात्री चाचपत राहिला. मग ती कशीबशी पुटपुटली, "महिनाभर तरी जमणार नाही." बाई कापड उचलून सरळ निघून गेल्या. मावशीला जेवण गेलं नाही. "तुझ्यापायी गेलं गिऱ्हाईक," एवढंच ती मला ऐकवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याच बाई परत आल्या.

"समोरच्या शिंप्याने शुक्रवारी देतो म्हणत लगेच कात्री उचलली," त्या म्हणाल्या. "मी कापड त्याच्या हातातून ओढून आणलंय. तुम्ही महिन्यानेच द्या."