दहा पत्रे आणि एक सुतार

वादळ येऊन गेलं त्या वर्षी मी आमच्या मंडळीचा सेक्रेटरी होतो. मंडळी म्हणजे श्रीवर्धन आणि म्हसळा मिळून थोडीशी ख्रिस्ती घरं, एक कौलारू चर्च आणि सहा जणांची कमिटी.

वादळाने सगळ्यांचंच काही ना काही नेलं. आमची कौलं गेली, खजिनदारांच्या होमस्टेची पाटी गेली. पण नर्सबाईंचं अख्खं छप्पर गेलं. नर्सबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, मीही त्यातलाच. त्यांचं छप्पर शेजारच्या सुपारीच्या वाडीत जाऊन पडलं आणि परत आणण्यासारखं राहिलं नाही. बाईंनी घरावर निळी ताडपत्री ओढून घेतली आणि रविवारी नेहमीसारख्या पहिल्या बाकावर येऊन बसल्या.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी दानावर उपदेश केला. पाळकसाहेब तरुण, मनापासून बोलणारे. बायका रडल्या, खजिनदारांनीसुद्धा रुमाल काढला. उपासना संपल्यावर कमिटी बसली. काय हवंय ते मी नर्सबाईंना आधीच विचारून आलो होतो. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दहा पत्रे आणि एक सुतार." मी ते तसंच कमिटीपुढे ठेवलं.

"पत्रे म्हणजे वर्गणी आली, पावत्या आल्या," खजिनदार म्हणाले. "पैशाची गोष्ट निघाली की मनं दुखावतात. वस्तुरूपाने देऊ. ज्याला प्रेमाने जे द्यावंसं वाटेल ते त्याने द्यावं."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण आमच्या घरी एक मिक्सर पडून होता.

पुढच्या आठवड्यात चर्चच्या व्हरांड्यात प्रेम जमा व्हायला लागलं. भिंतीवरची चार घड्याळं आली. पडदे आले, जिथे दोनच खिडक्या होत्या त्या घरासाठी सात खिडक्यांचे. सहा जणांचा डिनरसेट आला, त्यातली एक बशी देणाऱ्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतली होती. व्यायामाची सायकल आली. ती देणाऱ्या काकू म्हणाल्या, "बाईंच्या गुडघ्यांना बरी." खजिनदारांनी होमस्टेमधला फ्रीज दिला. तो गार करत नव्हता. "पण कपाट म्हणून काय वाईट आहे?" असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आमच्या मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरावं लागे आणि तो मधूनच उडी मारे. बायकोने तो ओल्या फडक्याने पुसला आणि म्हणाली, "बघ, नव्यासारखा दिसतोय. द्यायला जिवावर येतंय."

सेक्रेटरी म्हणून देणगीदारांची यादी उपासनेत वाचायचं काम माझं. मी वाचत असताना चर्चमध्ये जी शांतता असे, ती प्रार्थनेच्या वेळीही कधी नसायची. प्रत्येकजण आपलं नाव येईपर्यंत श्वास धरून बसे आणि आलं की खाली बघे, नम्रपणे. बाहेर आल्यावर एका बाईंनी मला गाठलं. "तुम्ही नुसतं 'चादरी' म्हणालात. डबल बेडच्या होत्या त्या."

मग सगळे मिळून वस्तू पोचवायला गेलो. नर्सबाईंना दारात उभं करून हातात घड्याळ दिलं आणि फोटो काढला. वर ताडपत्री फडफडत होती. खजिनदारांचे डोळे मिटले गेले म्हणून फोटो पुन्हा काढला. बाईंनी दोन्ही वेळा घड्याळ नीट धरलं आणि सगळ्यांना सलाम केला. आम्ही निघताना मला हळूच म्हणाल्या, "सेक्रेटरी, पत्र्यांचं काय झालं?"

"कमिटीच्या विचाराधीन आहे," मी म्हणालो. मी बाईंच्याच हातावर जन्मलेला माणूस, आणि तोंडातून असलं वाक्य आलं.

पावसाळाभर ते विचाराधीनच राहिलं. मी दोनदा बाईंकडे गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या पडवीत खाट टाकून बसल्या होत्या. आत जिथे गळत नव्हतं तेवढ्या कोपऱ्यात फ्रीज, सायकल आणि बाकीचं सगळं दाटीने मांडलेलं.

"तुम्ही बाहेर का?"

"लोकांनी प्रेमाने दिलंय. भिजलं तर बरं दिसेल का?" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, "ती यादी आहे ना तुमच्याकडे? मला तिची एक नक्कल द्या. एकेकासाठी नावानिशी प्रार्थना करीन म्हणते."

मला भरून आलं. मी झेरॉक्स काढून दिली.

भात झोडून झाल्यावर आमच्याकडे हंगामाचा सण होतो. जो तो आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतो, नारळ, सुपारी, तांदूळ, भोपळे, एखादा कोंबडा. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. तोही सेक्रेटरीच करतो.

त्या वर्षी पहिलं गीत चालू असतानाच फाटकात टेम्पो येऊन थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी नर्सबाई बसलेल्या. ड्रायव्हर उतरून मोठ्याने म्हणाला, "ह्यो फ्रीज कुठं ठेवायचा हाय?"

सगळं आलं होतं. घड्याळं, पडदे, डिनरसेट, सायकल, चादरी. प्रत्येक वस्तूवर पांढरा कागद चिकटवलेला आणि त्यावर दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांवर लिहायच्या त्या अक्षरात देणाऱ्याचं नाव. मला यादीची आठवण झाली आणि कानशिलं तापली.

खजिनदार धावत पाळकसाहेबांकडे गेले. "साहेब, ही काय पद्धत झाली? दिलेली वस्तू परत?"

"परत कुठे देत्ये?" नर्सबाई म्हणाल्या. "अर्पण करत्ये. माझ्या घरी यंदा हेच पीक आलं."

पाळकसाहेबांनी बाईंकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं. "अर्पण नाकारता येत नाही," ते म्हणाले आणि पुढची प्रार्थना करायला वळले. ते पाठमोरे होते, त्यामुळे हसत होते की काय ते मला दिसलं नाही.

लिलाव सुरू झाला. भोपळे, नारळ भराभर गेले. मग मी फ्रीजजवळ उभा राहिलो आणि कागद वाचला, कारण सगळे ऐकत होते. कोणी बोली लावेना. नर्सबाई उठून गोड आवाजात म्हणाल्या, "चांगला आहे हो. कपाट म्हणून काय वाईट आहे?"

अंगणात कोणीतरी फिसकन हसलं. खजिनदारांनी तोंड लाल करून स्वतःच बोली लावली, नुसता डोळ्यांपुढून जावा म्हणून. त्यानंतर सगळ्यांनाच कळलं काय करायचं ते. काकूंनी सायकल घेतली. पडदेवाल्यांनी पडदे घेतले. डबल बेडच्या बाईंची चादर मी पूर्ण वर्णनासह पुकारली, तेवढंच माझं समाधान.

मिक्सर आला तेव्हा बायको तिसऱ्या रांगेतून डोळ्यांनी खुणावत होती. लिलाव करणारा मी आणि बोली लावणाराही मीच. एवढ्यात खजिनदार म्हणाले, "शंभर जास्त!" त्यांना मिक्सर नको होता, मी हवा होतो. मी वाढवलं, त्यांनी वाढवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवा मिक्सर येईल एवढ्या रकमेला मी माझाच मिक्सर विकत घेतला. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि आल्यावर बरंच बोलली.

इतका पैसा हंगामाच्या सणाला कधी जमला नव्हता. दुसऱ्या दिवशी कमिटीत खजिनदारांनी नवे स्पीकर घ्यायचा ठराव मांडला, आणि खरं सांगतो, दोघांनी मान डोलावलीही. पाळकसाहेब पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, "आधी पत्रे."

"ठीक आहे," खजिनदार म्हणाले. "पण मंडळीने दिलेत हे कळायला हवं. वर नाव घालू. घाटाच्या वळणावरून दिसेल."

हे सांगायला मलाच पाठवलं. नर्सबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घाला की. तेवढ्या रंगाखाली तरी पत्र्याला गंज धरणार नाही. अक्षरं मोठी काढा, रंग जास्त लागू दे."

सुताराने दोन दिवसांत छप्पर चढवलं. माझं अक्षर बरं म्हणून नाव रंगवायलाही मीच शिडी चढलो. तापलेल्या पत्र्यावर गुडघे भाजत मी मंडळीचं नाव लिहिलं, खाली 'यांच्यातर्फे सप्रेम'. बाई खाली शिडी धरून उभ्या.

उतरल्यावर त्यांनी हात पुसायला रॉकेलचं फडकं दिलं. मला काहीतरी बोलायचं होतं. मी सुरुवात केली, "बाई, मंडळीच्या वतीने झालेल्या विलंबाबद्दल..."

"मंडळीचं राहू दे. तुमचं काय?"

मी बोटांवरचा रंग घासत राहिलो. "चुकलं माझं," मी म्हणालो.

बाई "बरं" म्हणाल्या. चालतं, होतं असं, काही हरकत नाही, यातलं काहीच म्हणाल्या नाहीत. फडकं माझ्या हातातून घेऊन त्यांनी ते पिळलं, दोरीवर टाकलं आणि खाट पडवीतून आत न्यायला मला एक बाजू धरायला सांगितली.