आबाची रेताड आणि माझी काळी

पौषातल्या सकाळी पांझरेकाठची रेताड माती मुठीत घ्यावी: गार, हलकी, बोटांच्या फटींतून अलगद निसटणारी! ती माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या भावाची, आबाची. आणि मित्रा, तुझ्यापासून काय लपवू, तिच्या नुसत्या स्पर्शानेच माझ्या पोटात दुखायचे.

आमच्याकडे रीत अशी, की थोरल्याने वाटे करावेत आणि धाकट्याने आधी उचलावे. मी काळी कसदार जमीन उचलली. आबाने मुकाट्याने नदीकडचा तुकडा घेतला. विहीर मात्र सामाईक राहिली. एक दिवस त्याची मोट, एक दिवस माझी. लढाईमुळे बटाट्याला भाव आला होता, म्हणून आबाने बटाटा लावला आणि त्याचे हिरवेगार, तजेलदार वाफे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निवड माझी, मग वैभव त्याच्या दारी का? ईर्ष्येपोटी मीही बटाटाच लावला.

एकदा आबा बांधावर येऊन म्हणाला, "भो, तुनी पाळी उरनी तर माले दे. मनी रेताड जमीन लवकर सुकस. तुना वावरमा खाले वल शे."

खाली ओल आहे म्हणे! वर तर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. मला वाटले, हा गोड बोलून माझे पाणी लाटतो आहे. भेगाळलेली जमीन तहानलेलीच असणार, हे कपाशीवाल्याच्या पोराला का शिकवायचे? वितीभर खणून पाहायचे साधे कष्टही मी घेतले नाहीत. उलट गरज नसताना दिवस मावळेपर्यंत मोट हाकली, वाफे तुडुंब भरले. का, तर थेंबही त्याच्याकडे जाऊ नये! आपले नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तो हाच प्रकार. त्याच्या रोपांनी माना टाकल्या तेव्हा मला आनंद झाला. हो, झाला!

काढणीला कुदळ मारली आणि नाकाला पदर लावून बायको मागे सरली. काळ्या चिकट चिखलात सगळे बटाटे सडून लिबलिबीत झाले होते. पुढच्या लागवडीपुरतेही बेणे उरले नाही. आबाचे बटाटे पाण्यावाचून सुपारीएवढेच राहिले, पण एकूणएक खणखणीत. ते बारके का राहिले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी तो टोपली घेऊन माझ्या ओट्यावर आला. "बेनं शे. पुढला साले लाव. पन पानी जरा कमी दे."

मी टोपली घेतली, डोळेही भरून आले. पण खरे सांगू? त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवाच वाटला. देण्याएवढे मन त्याला मिळावे आणि मला का मिळू नये? ते तर कुठल्याच वाटणीत आले नव्हते!