शून्यावर बसलेली सुई

सुभेदार मेगर फिरवताना डोळे मिटून घेत. मांडीवर ती काळी पेटी, हातात तिचा दांडा, आणि सुई कुठे गेली ते मी वाचून सांगायचं. असं का, म्हणून एकदा विचारलं तर म्हणाले, "मी बघितलं की मला पायजे तेवढंच दिसतंय. तू नवा हायस, तुला खरं दिसंल." नव्याला खरं कसं दिसतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही आणि आजही नीटसं शिरलेलं नाही.

खरं म्हणजे ते सुभेदार नव्हतेच. सैन्यात विजेच्या कामावर हवालदार होते आणि हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. पण सांगलीजवळच्या कुपवाडात सगळे त्यांना सुभेदार म्हणत आणि ते कुणालाही दुरुस्त करत नसत. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. नवे कारखाने उभे राहत होते, आणि वायरिंग पुरी झाली की वीज जोडण्याआधी ती तपासायला आम्ही वायरमन त्यांना बोलावत असू. मेगरने तारांवर विजेचा दाब द्यायचा आणि वीज कुठे गळतेय का ते पाहायचं. आकडा मोठा आला तर वायरिंग चांगली, लहान आला तर खोट. पुस्तकात तरी असंच लिहिलं होतं.

ते पुस्तक सुभेदारांनी माझ्यापुरतं निकालात काढलं. एका ठिकाणी आकडा लहान आला तर म्हणाले, "गिलावा वला हाय. आठ दिस वाळू दे." दुसरीकडे तेवढाच आकडा आला तर म्हणाले, "पट्टी उपट." तारांखालची लाकडी पट्टी उपटली तर खिळा थेट तारेत घुसलेला. आकडा तोच, मग न्याय दोन का, मी विचारलं. "पयल्या जागी सुई हळूहळू चढत हुती का न्हाई?" मग मी चढणारी सुई शोधू लागलो, तर पुढच्या कामावर चढत्या सुईलाही नकार देऊन ते उठले. "आकडा खोटं बोलत न्हाई गड्या, पर समदं सांगतबी न्हाई." हे ऐकून मी शहाणा झालो असेन, पण त्याहून जास्त चक्रावलो.

अशातच माझं स्वतःचं पहिलं काम आलं, एका लहान वर्कशॉपची वायरिंग. साताऱ्याकडच्या आमच्या घरात वडील, चुलते, भाऊ सगळे सैन्यात. मी एकटाच हट्टाने वायरमनचं लायसन काढून सांगलीला आलेला. हे काम फसलं तर मुकाट भरतीच्या रांगेत उभा राहीन, असा शब्द मी वडिलांना देऊन बसलो होतो, आणि सुभेदारांनाही ते ठाऊक होतं. विजेचा इन्स्पेक्टर यायला तीन दिवस उरले असताना सुभेदारांनी दांडा फिरवला. तारा आणि अर्थिंग यांच्यात आकडा झकास. फेज आणि न्यूट्रल, या दोन तारांमध्ये मात्र शून्य. सुई बसली ती उठेचना.

"बल्ब समदं काढलंस?"

"व्हय, मोजून काढलेत."

दोन दिवस आम्ही होल्डर, बटणं, जोड उघडून पाहिले. काय झालं असेल, असं मी दर तासाला विचारी आणि ते "बघू" म्हणत. त्यांना उत्तर ठाऊक आहे आणि ते माझी परीक्षा घेताहेत, याबद्दल मला शंका नव्हती. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गिलावा फोडायला छिन्नी उचलली. सुभेदार चपला काढून कोपऱ्यातल्या देवाच्या फोटोसमोर गेले, हात जोडले आणि तसेच थबकले. मग हाराच्या आड हात घालून त्यांनी एक एवढासा लाल बल्ब फिरवून काढला. देवापुढचा दिवा कुणी विझवू नये म्हणून मालकाच्या आईने त्याला बटण ठेवू दिलं नव्हतं. लावला मीच होता. पण तो देवाचा, म्हणून माझ्या मोजणीत आलाच नाही. दोन्ही तारा त्याच्यातून सरळ जोडल्या गेल्या होत्या. मेगर पुन्हा फिरवला तेव्हा सुई झरझर वर गेली.

काम पास झालं, मी धंद्यात राहिलो. पुढे हाताखाली माणसं आली. सुई खाली बसली की मी सुभेदारांसारखाच गप्प चेहरा करून "बघू" म्हणू लागलो. आतून माझी पाचावर धारण बसलेली असे.

चार-पाच वर्षांनी सुभेदार साताऱ्याला, त्यांच्या गावी, अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. म्हटलं, "सुभेदार, मला शिकवायसाठनं तुमी तवा दोन दिस गप्प बसलासा."

"कसलं शिकवायचं रं? मलाबी काय कळंना झालतं. तुला भरतीला जावं लागतंय ह्या काळजीनं देवाला हात जोडाय गेलो, तवा त्यो बल्ब दिसला."

"मग सांगितलं का न्हाई?"

"तू आधीच भ्यालतास. दोघं भिऊन कसं भागंल?"

पंधरवड्यातच ते गेल्याचं पत्र आलं. ते खिशात घालून कामावर गेलो. तिथे नव्या वायरिंगचा आकडा शून्याजवळ येत होता आणि माझी दोन माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. इतकी वर्षं वागवलेला तो चेहरा त्या दिवशी मला जमला नाही. "मलाबी कळंना झालंय," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोर खाली बसून रडलो.