मान डोलावू न देणारे टेलरकाका

टेलरकाकांसमोर न समजता मान डोलावली की ते हातातली कात्री खाली ठेवत आणि म्हणत, "काय समजलं, सांग." सांगता आलं नाही तर खैर नसे. राळेगावला स्टँडमागच्या ओळीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून ऑनलाइन सेंटर. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या," हे ऐकून परत फिरलेली माणसं काकांच्या बाकड्यावर टेकत. दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून आलेली माणसं! आणि तरी सेंटरवाल्याला "बरं भाऊ" म्हणून आलेली.

काकांचा पारा तिथेच चढे. "बाबूजी, सर्व्हर म्हंजे काय?"

"असन काहीतरी मशीन."

"मशीनच हाये. पण इथं नाई, दूर कुठंतरी सरकारच्या खोलीत हाये. तुमचे कागद तिथं ठेवले हायेत, इथला कॉम्प्युटर तिथून मांगवते. थे बंद पडलं तं साऱ्या तालुक्यात बंद पडन. चौकातल्या दुसऱ्या सेंटरवर जाऊन पाहा. तिथं चालू असन, तं सर्व्हर बंद नाई, हा माणूस खोटं बोलून राह्यला."

बहुतेक वेळा चौकातल्या सेंटरवर काम होऊन जाई. किती लोकांचे किती दिवस त्या एका शब्दाने खाल्ले असतील, याचा विचार आला की आजही माझं डोकं फिरतं.

काका स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. सेंटरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला वर्ध्याहून एक माणूस येई. त्याला चहा पाजून काका एकेक शब्द विचारून घेत आणि मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवत. 'लिंक: रस्ता. कोणाच्या दारात नेते ते वाचल्याबिगर पाय टाकू नये.' 'डाउनलोड: आपल्या मोबाईलात उतरवून घेतलेली प्रत. नेट गेलं तरी राह्यते.' 'क्लाउड: ढगात काही नसते. कोणाच्या तरी मशीनवर जागा घेतलेली असते.' गिऱ्हाईक पँट शिवायला आलं तरी त्यातला एखादा शब्द ऐकल्याशिवाय सुटका नाही. माझे बाबा तर एकदा वैतागून म्हणाले, "काका, मी माप द्याले आलतो, शाळेत नाई!"

बारावीनंतर मी नर्सिंगचा फॉर्म भरला, त्याच सेंटरवर. काका तेव्हा मुलीकडे गेले होते, नाहीतर पुढचं सगळं टळलं असतं. मोबाईल नंबरच्या रकान्यात सेंटरवाल्याने स्वतःचा नंबर टाकला. माझ्या एकटीच्याच नव्हे, सगळ्यांच्याच फॉर्मवर टाकायचा तो. पासवर्डही सगळ्यांचा एकच. "काम सोपं जातं," म्हणायचा. आम्ही मायलेकींनी अर्थातच मान डोलावली. वर माझ्या आईने त्याला वाळवलेली बोरं नेऊन दिली.

यादीत माझं नाव लागलं. सरकारी कॉलेजची जागा! दुसऱ्या दिवशी पाचच्या आत ती ऑनलाइन पक्की करायची होती. सकाळी सेंटरवर गेले तर कुलूप. मालक मुकुटबनला लग्नाला गेलेला, फोन बंद. काका परतले होते. त्यांनी माझ्या भरलेल्या फॉर्मचा कागद वाचला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पोरी, जागा पक्की कराले एक आकडा येते, ओटीपी. आपणच आपण हाओ, हे दाखवाची खूण. तुही खूण थ्याच्या खिशात जाऊन राह्यली."

अर्ध्या शिवलेल्या कपड्यांवर चादर टाकून ते माझ्याबरोबर यवतमाळच्या मदत केंद्रावर आले. खिडकीतल्या साहेबांनी तीनदा ओटीपी मागवून स्क्रीनकडे पाहिलं. "ज्याच्या नंबरवर ओटीपी गेला, त्यालाच विचारा. नंबर बदलायचा तर अर्ज द्या, दोन दिवस लागतील."

"साहेब, मार्कशीट हिची, आधार हिचं, पोरगी खुद्द समोर उभी हाये. अन् तुम्ही लग्नात नाचून राह्यलेल्या माणसाले विचारा म्हणता?"

"नंबर तुम्हीच दिला ना?"

"नाई दिला! आमाले कोणी विचारलंच नाई!"

काका इतक्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. काका अर्ज लिहून देत होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाच वाजले, साहेबांनी खिडकी लावली. माझी जागा गेली.

दोन दिवसांनी सेंटरवाला आला. मोबाईल दाखवत हसत म्हणाला, "तीन ओटीपी येऊन पडलेत पाहा. जाऊ द्या, पुढच्या वर्षी भरू." पुढच्या वर्षी! माझं एक वर्ष त्याला चहाच्या कपाएवढं वाटत होतं. त्या दिवसापासून काकांनी शिलाईचं मशीन दुकानातून उचलून बाहेर ओट्यावर मांडलं आणि सेंटरमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला अडवायला लागले. "फारमवर नंबर कोणाचा टाकला, थे वाचून पाहा. सोताचा नसन तं सही करू नका." सेंटरवाला त्यांना 'मशीनवाले इंजिनियर' म्हणून चिडवायचा. त्याच्या ओळखीच्या लोकांनी काकांकडे कपडे टाकणं बंद केलं. काका ओट्यावरून हलले नाहीत.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. मी दवाखान्यात नोकरी करते. समजावून न सांगता "सही करा" म्हणणारं कोणी माझ्यासमोर आलं की माझाही आवाज चढतो, आणि मी तो चढू देते.

जागा गेल्याच्या एक वर्षानंतरचा तो दिवस मात्र राग न येता आठवतो. काकांच्या बाकड्यावर बसून, बाबांनी घेऊन दिलेल्या मोबाईलवर मी माझा फॉर्म स्वतः भरला. पुन्हा नाव लागलं. जागा पक्की करायलाही तिथेच बसले. मोबाईल वाजला. सहा आकडे माझ्या नंबरवर आले होते. मला इतका आनंद झाला की मी मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला, "काका, आला! पाहा!"

ज्या आकड्यासाठी ते वर्षभर भांडले, त्यावरून काकांनी चटकन तोंड फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"मले नको दाखवू, बाई," ते म्हणाले. "थो तुह्या एकटीचा हाये."