एका ट्रेमधल्या पन्नास कंपन्या

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कंपनीत मला ‘ईटीएफवाले सर’ म्हणतात, आणि त्या विद्येतलं एक अक्षरही माझं नाही.

चाकणच्या आमच्या प्लांटमध्ये मी लाइन सुपरवायझर. स्टोअरला कंत्राटावर एक ताई होत्या, लातूरकडच्या. एका गाडीला लागणारे पार्ट यादीप्रमाणे ट्रेमध्ये भरून लाइनवर पाठवायचे, हे त्यांचं काम. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या मोबाइलवर शेअर बाजार बघत होत्या. मी टोमणा मारला, “कुठली कंपनी विकत घेताय, ताई?”

“पन्नास घेतल्या की, सर. एकदमच.”

मग त्यांनी शेजारचा भरलेला ट्रे पुढे ओढला. “ईटीएफ म्हणजे बाजारात मिळणारा फंड. त्याचं एक युनिट म्हणजे हा ट्रे. निर्देशांकात ज्या कंपन्या, त्या सगळ्यांचा तुकडा यात, ठरल्या मापानं. काय भरायचं ते यादी ठरवते, म्हणून खर्च कमी. डीमॅट खातं काढायचं, अन् शेअरसारखं बाजारात घ्यायचं-विकायचं.”

“आणि बाजार पडला तर?”

“तर ट्रेसकट पडतंय. पडत नाही असं कोण म्हणलं?”

त्यांनी कंपन्यांची यादी दाखवली. माझा पगार जमा होणारी बँक, आमच्या इमारतीचं सिमेंट, सकाळचा साबण. काहीशे रुपयांत या सगळ्यांचा कणभर मालक मी? उष्टा हात वाळून गेला तरी मी यादी सरकवतच होतो.

पहिलं युनिट मी घाईत, समोर दिसेल त्या भावाला घेतलं. ताई हसल्या. “आतल्या मालाची किंमत अन् ट्रेचा भाव ताडून नाही बघितला ना? जिथं गिऱ्हाईक कमी, तिथं फरक जास्त. आपला भाव आपण टाकायचा, सर.” हे सारं त्या राजगुरुनगरच्या बसमध्ये उभ्यानं वाचून शिकल्या होत्या. मला खुर्चीत बसून जमलं नव्हतं.

पुढे कंपनीनं हॉलमध्ये कामगारांसाठी गुंतवणुकीवर माझं व्याख्यान ठेवलं. मी ट्रे घेऊनच उभा राहिलो. टाळ्या पडल्या. निघोज्याचे एक जुने ऑपरेटर म्हणाले, “सायेब, हे कुठं शिकला वो?”

“वाचून,” मी म्हणालो.

ताई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

त्यांचं कंत्राट संपलं. आता कधी स्टॉपवर भेटल्या तर एवढंच विचारतात, “चालू ठेवलंय ना, सर?” रागाचा लवलेश नसतो. त्यांच्यापुढे माझी मान वर होत नाही.

त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, ‘हे मला ताईंनी शिकवलं’ एवढं एक वाक्य मी अजून देणं लागतो.