आठ आणे वावर, सोळा आणे कांदा

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. तिसगावजवळच्या वाडीतून आई-आप्पा ऊसतोडीला जायचे, आणि त्यांच्याबरोबर पाचटाच्या कोपीत राहायला मी. शाळा निम्मं वर्ष वाडीत, निम्मं कुठंच नाही. मी दहावीत गेले त्या वर्षी मुकादम दारात आला, तेव्हा आप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, औंदा न्हाई. मग दुसऱ्याचं वावर वाट्यानं घेऊन त्यांनी कांदा केला, आणि पुढं कांदाच करत राहिले. आप्पांना जाऊन आता सात आठवडे झाले...

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. पुण्यात पीएचडीला लागले, जंतूंच्या जनुकांवर. बाहेरून इशारा आला की काही जनुकं कंदिलाची वात वाढवावी तशी हळूहळू जागी होतात, काही बटण दाबल्यासारखी: चालू, नाहीतर बंद. माझं जनुक कोणत्या जातीचं, एवढंच मला शोधायचं होतं. इशारा म्हणून मी जंतूंना साखर घालायचे. जनुक जागं झालं की जंतू हिरवा चमकायचा. आप्पा म्हणायचे, "साखर करायला आमी, आन खायाला तुजे जंतू." ती साखर उसाची नसते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

साखर वाढवत नेली की नळीतल्या सगळ्या जंतूंची मिळून चमक हळूहळू वाढायची. मी लिहिलं, जनुक वातीसारखं आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंना ते पटेना. त्यांनी प्रबंधाचं ते प्रकरण दोनदा परत पाठवलं. मुदत संपत आली होती. मागच्या फेब्रुवारीत मी गावी आले ती सगळं सोडून द्यायचं ठरवूनच.

त्या वर्षी थंडी लई पडली होती. थंडी जास्त झाली की कांद्याला डेंगळे येतात, म्हणजे मधून फुलाचा दांडा वर निघतो. असा कांदा टिकत नाही. आप्पा वावरात ते दांडे मोडत होते, मी जवळ उभी होते. बांधावरून जाणाऱ्या एकानं पिकाची चौकशी केली, तर आप्पा म्हणाले, वावर आठ आनं डेंगळलंय. मी म्हटलं, माझेही जंतू निम्म्या साखरेवर आठ आणेच चमकतात. आप्पा दांडे मोडायचे थांबले.

"वावर आठ आनं हाय, का कांदा आठ आनं हाय?"

मला कळलं नाही. त्यांनी मला सरीत खाली बसवलं. "ह्यो बघ, सोळा आनं आलाय. शेजारचा कोराच. आठ आन्याचा कांदा मला एक दाव."

मी सरीच्या टोकापर्यंत शोधला. नव्हता.

पुण्याला जाऊन मी नळी बाजूला ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जंतू पाहिला. काही लख्ख हिरवे, बाकीचे काळोखे, मधले जवळजवळ नाहीतच. साखर वाढवली की पेटलेल्यांची संख्या वाढत होती. प्रत्येकाची चमक नव्हे. मी इतके दिवस वावर मोजत होते. जनुक बटणासारखं आहे, असं प्रकरण पुन्हा लिहिलं. पण आप्पांना काही बोलले नाही. प्रबंध मान्य झाला की समोर बसून सांगायचं, असं मनाशी धरलं होतं. फोनवर म्हणायचे, काम चाललंय. ते म्हणायचे, चालू दे... मग एका सकाळी वाफ्यातच त्यांच्या छातीत कळ आली. आईचा फोन आला, "तुजे आप्पा गेले गं."

तेराव्याला सगळे सांगत होते, हळूहळू कमी होतं. सरासरी काढली तर होतही असेल. पण एखादा दिवस अगदी कोरा जातो, मी हसते, जेवते. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कांद्याचा ढीग दिसला की सोळा आणे, पहिल्या दिवसाइतकंच.

गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एकेक जंतू बघायचं कसं सुचलं? मी म्हटलं, वडिलांनी विचारलं होतं. ते कुठं शिकवतात, असं त्यांनी विचारलं.

"कांदा करायचे," मी म्हणाले.

मला पीएचडी मिळाली.