अडकलेलं कार्ड आणि दुपारचं बंद दार

असं काही लिहायला मी कोण, हा प्रश्न आहेच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि भक्तीतलं तर मला घरातल्या कुणाइतकंही कळत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

नाशिकला आमच्या विभागात एक मोठा संगणक आहे. त्याच्या आत विद्यार्थ्यांचे आभासी, म्हणजे व्हर्च्युअल, संगणक चालतात आणि एकुलतं एक ग्राफिक्स कार्ड आळीपाळीने त्यांना देतात. एकाचं काम संपलं की कार्डाने मागचं विसरून कोरं व्हायचं, म्हणजे रिसेट व्हायचं असतं. आमचं कार्ड तसं होत नसे. ते अडकून बसे, आणि मग मुख्य संगणक बंद करून चालू करणं हाच उपाय. माझ्या तोंडी परीक्षेत त्याच कार्डावर काम चालवून दाखवायचं होतं, आणि त्याच दिवशी सकाळी ते अडकलं. पण त्याच संगणकावर वर्गातल्या कल्याणीची आकडेमोड आठवडाभर चालू होती. बंद केला असता तर सगळी गेली असती. ती सायखेड्याला घरी होती. फोनवर म्हणाली, "तुझं अडलंय ते कळतंय रे, पण माझं घालवू नको. हात जोडते."

माहीत होते ते उपाय करून झाले. परीक्षेला थोडा वेळ होता, म्हणून गोदाकाठच्या एका लहान देवळात गेलो. खरं सांगायचं तर श्रद्धेने नाही, बसायला जागा हवी होती. दार बंद होतं. दुपारी नैवेद्यानंतर तिथे देवाला निजवतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या सुरगाण्याकडच्या देवांना दारच नसतं. हार विकणाऱ्या मावशींना विचारलं, "जरा उघडतील का? नमस्कार करून जातो."

"देव झोपलाय. तुझ्यासाठी उठवू काय?" त्या हसल्या. "परीक्षा हाय ना? त्याबिगर तुम्ही पोरं फिरकत नाय इकडं."

"मग आमचं गाऱ्हाणं?"

"ते तो झोपेतबी विसरत नाय. उठला का पुन्हा ताजा. बस तिथं."

मी बसलो नाही. बंद करणं किंवा चालू ठेवणं, दोनच वाटा तोवर माझ्या डोक्यात होत्या. देवाच्या झोपेवरून आठवलं, संगणक झोपवताही येतो. झोपेत कार्डाची वीज तुटते, म्हणजे ते कोरं होतं, पण चाललेली कामं जागच्या जागी थांबून राहतात. मात्र असा संगणक कधी झोपवायचा नसतो, असंच आम्ही शिकलो होतो, म्हणून ते सुचलं नव्हतं. कल्याणीला विचारलं. ती मग म्हणाली, "बघ. तुझ्यावर सोडलं."

मीही ते त्या निजलेल्या देवावर सोपवलं आणि विभागात परतून संगणक झोपवला. उठवल्यावर कार्ड लगेच चालू झालं. परीक्षा झाली. पण कल्याणीचं काम वाचलं का, हे तिच्या पासवर्डशिवाय दिसणार नव्हतं, आणि तिच्याकडे वीज गेलेली, फोनही लागेना.

याला चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. मावशी त्यांच्या देवाबद्दल बोलत होत्या, एवढंच. तरी त्या बंद दारापाशी मला कुणीतरी नेलं, असं वाटतं आणि मनोमन हात जोडले जातात. वाट पाहताना मला पहिल्यांदाच कळलं, की आपण करायचं ते केल्यावर उरलेलं आपल्या हातात नसतं, आणि तसं असण्यात अपमान नाही.

दिवेलागणीला तिचा फोन आला. "अरे, वीज आली. जिथं होतं ना, तिथूनच पुढं चाललंय."